कानवालीच्या घरची खरखर

डोंगरांनी वेढलेल्या त्या भल्यामोठ्या खोलगट जागेत रेडिओ दुर्बिणीची ताटली बसवणं चाललं होतं. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण, की जवळपास एखादा मोबाइल चालू असला तरी ते बुडून जातात. म्हणून काठावरच्या वस्तीत बिनतारी काही ठेवायचं नाही, असा नियम होता. तो पाळला जातो का, हे बघायचं काम वस्तीतल्याच एका घरच्या धाकट्या सुनेकडे. अँटेनावाली गाडी घेऊन ती दारोदार फिरे. लोक तिला तोंडावर 'कानवाली' म्हणत, पाठीमागे आणखी काहीबाही.

चाचणी सुरू झाली आणि रोज कुठून तरी खरखर येऊ लागली. कानवालीने वस्ती पालथी घातली, दोन घरांशी वाकडं घेतलं. शेवटी यंत्राचा काटा चढला तो तिच्याच दारात. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

सासूबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या, आवाजही पार खोल गेलेला. सासऱ्यांनी त्यांच्या उशामागे, तान्ह्या बाळाजवळ ठेवतात तसलं, आवाज लांब पोचवणारं बिनतारी यंत्र दडवलं होतं. त्याचा जोडीदार कमरेला अडकवून ते रोज तासभर परसात भाजी खुरपत. सुनेची नोकरी जाऊ शकते, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

"बंद करतो," ते मान खाली घालून म्हणाले. "पण मग मी तिच्याजवळून हलणार नाही. तिने हाक मारली आणि मला ऐकूच आलं नाही, तर?"

सुनेला रागवायचं होतं, पण तिने नुसतं यंत्र बंद केलं. परसातला तो तासभर गेला असता, तर म्हातारा खचला असता.

तिने ताटलीच्या तारा ताणणाऱ्या जोडाऱ्यांना गाठलं. त्यांनी उरलेली बारीक तार कप्प्यांवरून खिडकीबाहेर काढली, परसातल्या टोकाला घंटा आणि अलीकडे सासूबाईंच्या मनगटाला मऊ पट्टा. विजेचा संबंधच नाही.

दुसऱ्याच दिवशी घंटा वाजली. सासरे खुरपं टाकून धावले, मागोमाग सून.

"काय झालं? काय हवंय?"

"काही नाही," सासूबाई पुटपुटल्या. "त्या डब्यातून तुम्हाला माझं सगळं ऐकू यायचं. मला तुमचं काहीच नाही. म्हटलं, आहात ना, बघावं."

सासरे परत परसात गेले आणि त्यांनी आपल्या टोकाकडून तार हलकेच ओढली.


सासूबाईंचा हात पांघरुणावरून चार बोटं पुढे सरकला. त्यांनी तो तसाच राहू दिला.