सातेरीच्या राखणीतली गाडी

रविवारी सकाळी सगुणच्या गाडीचं दार माझ्या हातात आलं.

मी हिसका दिला नव्हता. रविवारच्या शिकवणीची मुलं बरोबर होती, त्यांना दाराची कडी आतून कशी चालते ते दाखवत होतो. दार उघडलं, ते उघडून थांबलं नाही, तसंच खाली यायला लागलं. मी ते दोन्ही हातांनी पोटाशी धरून अंगणात उभा राहिलो. मुलं हसायचीसुद्धा विसरली.

सगुण पडवीत चहा पीत होता. "मास्तरानू, दार घेवन खंय चललात?" असं तो म्हणाला खरा, पण मग त्याने माझा चेहरा पाहिला आणि अनवाणीच धावत आला.

चार दिवसांनी, गुरुवारी, त्याच्या दिपालीचं लग्न होतं. लग्न लागलं की नवरी साखळीला सासरी जाणार ती याच गाडीतून, आणि गाडी चालवणार बाप, हे आमच्या इब्रामपुरात लहान पोरांनाही पाठ होतं. दिपाली पाळण्यात असताना सगुणने तसं बोलून ठेवलं होतं.

गाडी इंग्लंडची. दोन माणसांची, गर्द हिरवी, कापडी टपाची. सगुणचे वडील डिचोलीच्या खाणीवर एका इंग्रज इंजिनियरचे ड्रायव्हर होते. साहेब कायमचा मायदेशी गेला तेव्हा गाडी त्यांना देऊन गेला. वडिलांमागून ती सगुणकडे आली, त्यालाही चाळीस वर्षं झाली.

त्या गाडीत बसल्यावर रस्ता इतका जवळ येतो की हात खाली सोडला तर बोटं घासतील असं वाटतं. ताशी चाळीसचा वेग ऐंशीसारखा लागतो. इंजिनाचा आवाज कानापेक्षा छातीत जास्त ऐकू येतो. एकदा सगुण मला पेडण्याला घेऊन गेला होता. परतताना आम्ही दोघे साठीचे बाप्ये पोरांसारखे ओरडत होतो.

दुखणीही काही कमी नव्हती. उभी राहील तिथे तेल गाळायची. टपातून पाणी नेमकं मांडीवर ठिबकायचं. दमट हवेत सकाळी चालू होण्याआधी अर्धा तास मनधरणी करून घ्यायची. एक रबरी चकती इंग्लंडहून यायला दोन महिने लागले होते. सगुणची बायको विनोदिनी तिला सवत म्हणायची. "माझ्या सवतीक आज ताप इलो काय?" असं ती स्वयंपाकघरातून विचारायची आणि सगुण बॉनेटखालून ओरडायचा, "तुझ्यापेक्षा कमी कुरकुरता!"

आता मात्र तो गाडीशी गुडघे टेकून बसला. बिजागरीचे स्क्रू दारालाच लटकत होते. ते जिथे बसवलेले होते त्या भोकांतून तपकिरी भुकटी सांडत होती. सगुणने पाना-पेचकसाचा डबा आणला आणि पेचकस एका भोकात टेकवला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. ताज्या पोईत, म्हणजे आमच्याकडच्या भाकरीसारख्या पावात, बोट जावं तसा. बाहेर काढला तेव्हा त्याच्या टोकावर पांढरे किडे वळवळत होते.

"वाळवी," अंकिता म्हणाली. सहावीतली पोर, पण सर्वांत आधी तीच बोलली.

"गाडयेक वाळवी?" सगुण तिच्यावर खेकसला. "गाडी लोखंडाची असता!"

मी खाली पाहिलं. पंधरा वर्षांपूर्वी याच अंगणात याच वयाच्या दिपालीने मला विचारलं होतं, "सर, गाडी आतून कशाची असते?" मी विज्ञानाचा शिक्षक. पत्रा आतून उघडून न पाहताच उत्तर दिलं होतं, "लोखंडाची." आणि सगुणने मान डोलावली होती. आतलं चामडं साहेबाच्या हातचं म्हणून त्याने ते कधी उसवलं नव्हतं. पायाखाली फळ्या आहेत हे दोघांनाही माहीत होतं. त्या चटईसारख्या वरून घातल्या असतील असं आम्ही धरून चाललो होतो.

त्याने आता ते चामडं टराटरा फाडलं. आत खांब होते, आडव्या पट्ट्या होत्या, सगळं लाकडाचं. अर्धं लाकूड उरलं होतं, अर्ध्याची माती झाली होती.

विनोदिनी दारात आली, तिने पाहिलं, आणि तिची नजर गाडीवरून, गाडी ठेवायच्या शेडच्या कोपऱ्याकडे गेली. "आये सातेरी!" ती एवढंच म्हणाली.

कोपऱ्यात गुडघ्याएवढी रोयण होती. रोयण म्हणजे वाळवीचं वारूळ. आमच्या भागात सातेरी देवीला वारुळाच्या रूपात पुजतात, म्हणून घरात रोयण उगवली तर तिला कोणी कुदळ लावत नाही. सहा वर्षांपूर्वी ती शेडमध्ये वर आली तेव्हा सगुणचा आनंद गगनात मावेना. "सातेरी सोता गाडी राखूक इली!" त्याने मुद्दाम गाडी तिला खेटून उभी करायला सुरुवात केली. दर शुक्रवारी फूल ठेवून तो गाऱ्हाणं घालायचा, आये, माझी गाडी सांभाळ. पावसाळ्याचे चार महिने गाडी जागची हलत नसे. पावसाळा सरला की मागच्या चाकावर मातीची रेघ चढलेली दिसे. तो ती हळुवार पुसायचा आणि बोट कपाळाला लावायचा. ती रेघ मीही पाहिली होती. वाळवी लाकूड खाते हे मुलांना दरवर्षी शिकवणारा मी, गाडीत लाकूडच नाही या भरवशावर गप्प राहिलो होतो.

त्याच दुपारी पेडण्याहून रामचंद्र च्यारींना बोलावलं. ते देवळांचं लाकूडकाम करतात, पालख्या बांधतात. ते बोटाच्या पेराने गाडी ठोकत ठोकत एक फेरी फिरले, प्रत्येक ठिकाणी कान लावून.

"खालचा लोखंड बरा असा. इंजिनाक काय झाला नाय," ते म्हणाले. "पण वयलो सांगाडो सगळो लाकडाचो. पालखी बांधतत तशी बांधलेली असा ही. दोन म्हयने लागतले."

"बेस्तारा चेडवाचा लगीन असा," सगुण म्हणाला.

"चार दिसांत पालखयेचो दांडो पण होवचो नाय, सगुणा."

"तारेन बांधून एक फेरी? एकच?"

दिपाली पुढे आली. तिच्या हातात अजून लग्नाच्या पत्रिका होत्या.

"बाबा," ती म्हणाली, "माका साखळेक पोचाचा असा. देवाघराक न्हय."

सगुण रागाने वळला आणि गाडीत चढून बसला, गाडी अजून धडधाकट आहे हे दाखवावं तसा. काड्कन आवाज झाला. त्याचा उजवा पाय फळीतून आरपार गेला आणि तळवा खाली मातीला टेकला. तो तसाच बसून राहिला. स्टेअरिंग हातात, एक पाय गाडीत, एक पाय जमिनीवर.

"काल मी दिपालीक घेवन साखळेक जावन इलंय," तो कोणाकडेच न बघता म्हणाला. "वाट बघूक म्हणान. ह्या दारार कोपर टेकून बसलेला ह्या. मगे काल ही गाडी कशार हुबी होती?"

दिपालीने डावा कोपर उजव्या हाताने घट्ट धरला होता.

गुरुवारी नवरी भाड्याच्या गाडीतून निघाली. सगुण ड्रायव्हरशेजारी आणि मी मागे, दिपालीजवळ. डिचोलीच्या अलीकडे एक उतार आहे. त्याच्या तळाशी उजवीकडे वळण आणि वळणाच्या कडेला खोल घळ. तिथे सगुणने गाडी थांबवायला लावली. तो उतरला, कडेला जाऊन खाली पाहत राहिला. परत आला तेव्हा त्याने मला पुढे बसायला सांगितलं. पुढची सगळी वाट तो लेकीजवळ बसला, तिचा कोपर हातात धरून.

शुक्रवारी सकाळी मी त्याच्याकडे गेलो. गाडी अंगणात विटांवर चढवलेली होती, खाली लोखंडी सांगाडा आणि वर काहीच नाही. शेड रिकामी होती. रोयण फोडली असेल असं मला वाटलं होतं, पण ती जागेवर होती आणि तिच्यावर ताजं जास्वंदीचं फूल होतं.

"अजून?" मी विचारलं.

"तिना राखल्यान मां, मास्तरानू?" तो अंगणाकडे हात करून म्हणाला. "दार तुमच्या हातात इला, हय, खळ्यात. शनवारी उतारार इला नाय."

वाळवीनेच खाल्लं आणि वाळवीनेच वाचवलं, याला काय म्हणतात ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

दोन दिवसांनी रविवारच्या शिकवणीत अंकिताने टेबलाकडे बोट करून विचारलं, "सर, हे आतून कशाचं आहे?"

मी उत्तर देणार होतो. मग खाली वाकलो आणि बोटाच्या पेराने ठोकून बघायला लागलो.