ओलं आभाळ

“तरुणभाऊ, हाऊ डाग कसाना शे?”

भिकुबाईने पांढऱ्या कापडाचं टोक तरुणच्या नाकासमोर धरलं. नवऱ्याच्या सदऱ्याचं कापड ती चोपड्यात याच दुकानातून नेई आणि दोन्ही अंगांनी उलटून पाहिल्याशिवाय पिशवीत टाकत नसे. टोकावर निळ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. तरुणने हात मागे घेतला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस बापासमोर हात लपवू लागला, की समजावं, भानगड मोठी आहे. गादीवरच्या बाबूजींनी, माणकचंदांनी, कात्रीने डागाची पट्टी कापली, गादीखाली सारली आणि बाईला नवं कापड द्यायला सांगितलं.  

सुरुवात झाली ती बाबूजींच्याच गुडघ्यांमुळे. दिवाळीनंतर तरुण त्यांना जळगावला डॉक्टरकडे घेऊन गेला होता. नंबर लागायला दोन तास होते, म्हणून पाय मोकळे करायला तो शेजारच्या हॉलमध्ये शिरला. तिथे धुळ्याच्या धनसिंग नावाच्या निवृत्त चित्रकला शिक्षकाची तैलचित्रं लावली होती. एका चित्रात केळीची बाग, वाळून लोंबणारी पानं आणि मागे सातपुडा, एवढंच. तो यावलचा रस्ता होता. लहानपणापासून तरुण त्या रस्त्याने ये-जा करत आला होता, पण संध्याकाळी पाचला तो असा दिसतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. पाचला तो एक तर दुकानात असे, नाही तर बाबूजींच्या ताटापुढे. चित्रासमोर उभ्या उभ्या त्याला रडू आलं आणि त्याची त्याला लाजही वाटली.

धनसिंगभाऊ बोलके निघाले. फोटोवरून काढू नका, रानात उभं राहून काढा, असं त्यांनी बजावलं आणि रंगांची नावं कागदावर लिहून दिली. आधी आभाळ रंगवायचं, मग ते ओलं असतानाच त्यात ऊन.

“वलं शे तवलोंग उजेड त्यामा मिसळी जास,” ते म्हणाले. “सुकनं का मंग वरतून चिटकाडेल दिसस.”

तैलरंग वाळायला आठवडा तरी लागतो, तेवढी सवड असते, असंही त्यांनी सांगितलं. सवड हा शब्द तरुणला फार आवडला.

दुकानाला महिन्यातून एकच सुटी, अमावस्येची. त्या दिवशी त्याने यावल रस्त्यावरच्या जीवराम नावाच्या शेतकऱ्याच्या केळीबागेच्या बांधावर कॅनव्हास मांडला. नवशिक्या हाताने बाग झाली, डोंगर झाला, निळं आभाळ झालं. ऊन लावायला घेतलं, तोच सूर्य बुडाला. चित्र घरी माळ्यावर गेलं. रोज सकाळी तो आभाळाला अंगठा टेकवून पाही. अंगठा निळा झाला, की त्याचा जीव भांड्यात पडे.

हवी होती फक्त वीस मिनिटं, पण पाचनंतरची. आणि ती वेळ बाबूजींची होती. दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाणीही नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. जेवण घरचंच लागे. गेल्या वर्षी दुकानातल्या हिलालच्या मोटरसायकलवरून पडल्यापासून ते तरुणशिवाय कोणाच्याही गाडीवर बसत नसत. पावणेपाचला तरुणने त्यांना स्कूटरवरून घरी न्यायचं, त्याच्या बायकोने, आयुषीने, गरम फुलके करायचे आणि त्याने वाढायचे. अमावस्येला मात्र बाबूजी घरीच असत, म्हणून तेवढा दिवस तो सुटला होता.

डाग सापडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बँकेत जातो म्हणून तो चारला सटकला आणि माळ्यावरचं चित्र घेऊन बांधावर गेला. साडेचारचं ऊनही चालेल, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. पण साडेचारचं ऊन पांढरंच होतं. तो पाच मिनिटं थांबला, मग आणखी पाच. हळूहळू पानांच्या कडा पिवळ्या झाल्या आणि घड्याळ त्याच्या डोक्यातूनच गेलं. पिवळा रंग कालवून त्याने ब्रश उचलला, तेवढ्यात हिलालचा फोन आला. बाबूजी कधीचे पायरीवर उभे होते.

त्याने चित्र उचललं, ब्रश बांधावरच राहिला. बाबूजींना घेऊन तो घरी पोहोचला, तेव्हा दिवस मावळला होता. माणकचंदांनी दारातून आभाळाकडे पाहिलं आणि वाढलेलं ताट हाताने बाजूला सारलं. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस रात्रभर पाण्याच्या घोटाशिवाय राहिला.

सकाळी ऊन वर आल्यावर तरुणने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे धरला. 

“चित्र झालं का?” माणकचंदांनी विचारलं.

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. तरुणने मान खाली घातली. “नाही, बाबूजी.”

“मग दोघंही उपाशीच राहिलो,” ते म्हणाले आणि सावकाश पाणी प्यायले.

ते रागावले असते तर तरुण भांडला असता. या बोलण्यावर भांडायचं तरी कसं? तो पुन्हा पावणेपाचला स्कूटर काढू लागला. घराकडे जाताना पिवळं होऊ लागलेलं ऊन आरशात दिसे. खांद्यावर बाबूजींचा हात असे, त्यामुळे मागे वळून पाहता येत नसे.

अमावस्येनंतरच्या दहाव्या सकाळी त्याने आभाळाला अंगठा टेकवला. मग दाबून पाहिला, घासून पाहिला. अंगठ्याला काहीच लागलं नाही.

त्याच दुपारी भिकुबाई आणखी एका सदऱ्याचं कापड घ्यायला आली. तिने कापड दोन्ही अंगांनी उलटून पाहिलं.

“आज ते डाग नही शे,” ती म्हणाली.

“नाही, अक्का. आता पडायचा नाही.”

माणकचंदांनी गादीखालून कात्री काढली. तिच्याबरोबर निळ्या अंगठ्याची ती पट्टीही बाहेर आली, नीट घडी घातलेली. त्यांनी ती परत आत सारली आणि कात्री मुलाच्या हातात दिली. तरुणने कापड मोजायला घेतलं.