तिच्या बिछान्यावरचं झाकण

कप्तान हे त्याचं नुसतं टोपणनाव. उभ्या जन्मात या एका जुन्या शिडाच्या बोटीपलीकडे तो कशाचाच कप्तान नव्हता, पण तोरा विचारू नका. दोघा नवराबायकोचं घर म्हणजे हीच बोट. बायकोच्या बिछान्याच्या बरोबर वर, डेकमध्ये बसवलेल्या काचेच्या झाकणाखाली पाणी ठिबकायला लागलं, तेव्हा त्यानं खापर तिच्यावरच फोडलं.

"माझ्या हातचं काम गळत नाही. तुझा श्वास काचेवर साचतो," असं म्हणून ऐन थंडीत त्यानं तिच्या उशाशी खिडकी उघडी ठेवायला लावली. बिचारी ओल्या गादीवर दोन पांघरुणं घेऊन कुडकुडायची. असे कित्येक हिवाळे गेले. आता ती छाती भरून इस्पितळात पडली होती. कोरडी जागा असेल तरच घरी न्या, असं डॉक्टरांनी लेकीला बजावलं होतं.

म्हणून कप्तानानं झाकण काढायला घेतलं. स्क्रू सोडवून त्यानं चौकटीखाली पटाशी सारली. फट बुजवायला लावलेलं चिकट सीलंट सुटता सुटणार नाही, असं त्यानं गृहीत धरलं होतं. चौकट एका हिसक्यात हातात आली. खाली सीलंट नव्हतंच. बसवताना पठ्ठ्यानं सगळे स्क्रू एका दमात करकचून आवळले होते, आणि त्या दाबानं कडेनं बाहेर आलेलं सगळं सीलंट शीळ घालत पुसून टाकलं होतं. भोकांभोवतीचं लाकूड काळं पडलं होतं. हाताचं बोट लावलं तर भिजलेल्या पावात जावं तसं आत गेलं. त्याला स्वतःची शिसारी आली.

कुजकं कोरून त्यानं नवं लाकूड बसवलं. सीलंट जाड थापलं, स्क्रू निम्मेच आवळले, आणि ते रबरासारखं घट्ट झाल्यावरच उरलेला पीळ दिला. वरून बादल्या ओतल्या. मग खिडकी लावून तो रात्रभर तिच्या जागी झोपला.

सकाळी त्यानं काचेवर हात फिरवला, मग गादीवर. श्वासाचा एखादा थेंब तरी सापडावा, अशी वेडी आशा त्याला होती. सगळं ठणठणीत कोरडं होतं.

लेकीनं इस्पितळातून फोन लावून आईच्या कानाशी धरला.

"गळतंय का हो?" तिचा आवाज घरघरत होता.

"नाही. खिडकी बंद करून झोपलो. गादी कोरडी आहे."

"म्हणजे माझा श्वास नव्हता तो," ती म्हणाली.

फोनमधून तिची धाप तेवढी ऐकू येत राहिली.