सीटखाली लपलेला जवान

द्रासच्या डोंगरावरून सुट्टीवर आलेला प्रसेनजीत कांबळे कोल्हापूरच्या स्टेशनवर उतरला, तेव्हा त्याला न पिताच चढली होती. वर श्वास ओढून आणावा लागे. इथं हवा आपणहून छातीत घुसत होती. फलाटावरचा हमाल शिंकला तरी त्याला हसू फुटायचं. नव्याण्णवचा ऑगस्ट होता, लढाई संपली होती आणि तो जिवंत होता.

उचगावात त्याची मिरवणूक ठरली होती. "सरळ घरला ये, हलगीवाली सांगितल्यात," असं वडिलांनी, बाबासोंनी, फोनवर बजावलं होतं. पण बायको दीप्ती बाळंतपणाला हुपरीला माहेरी गेली होती आणि दोन महिन्यांची लेक त्यानं अजून पाहिली नव्हती. मिरवणुकीत शिरलं की दिवस मावळणार. स्टँडवर हुपरीची गाडी दिसली आणि त्याचे पाय आपोआप तिकडं वळले.

गाडीत शेजारी हुपरीच्या तानाबाई बसल्या होत्या. पैंजणांना घुंगरं जोडून जोडून त्यांची बोटं काळवंडली होती.

"पावणं, लढाईवर गेलतासा व्हय?"

"गेलतो की, मावशी."

"मग? बंदूक उडवली का न्हाय?"

"उडवली. पण त्याच्यापेक्षा ओझीच लई वाहिली. पाण्याचं डबं, गोळ्यांच्या पेट्या. गाढवागत."

मग त्यानं जोतीरामची गोष्ट सांगितली. जोतीराम कागलकडचा, त्याच्याच तुकडीतला. एकदा तो खालून शिधा घेऊन चढत होता. वरून दुश्मनाचा मारा चालू, सगळे दगडांना चिकटलेले, आणि हा गडी प्रसेनजीतच्या नावानं मोठ्यानं ओरडत येतोय, "परश्या, पोरगी झाली रं! तळावर निरोप आलाय!" तुकडीतल्या पोरांना हसू आवरेना. सुभेदार शिव्या देत होते आणि देता देता तेही हसत होते.

"मग आता कुठं हाय त्यो?"

"ऱ्हायला तिथंच," प्रसेनजीत म्हणाला. "पुढच्याच आठवड्यात."

तानाबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

तेवढ्यात हलगीचा कडकडाट ऐकू आला. गाडी करकचून थांबली. प्रसेनजीतनं खिडकीतून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. हुपरीची गाडी उचगावातूनच जाते, हे तो हर्षाच्या भरात साफ विसरला होता! रस्ता अडवून आख्खी आळी उभी होती. पुढं गुलाबी फेट्यात बाबासो मान उंच करून येणारी प्रत्येक गाडी न्याहाळत होते.

"मावशी, आमचं वडील! धरलं तर पोरगी आज दिसत न्हाय बघा!"

लष्करानं शिकवलेलं सगळं त्या क्षणी कामी आलं. कोपरं टेकली, पोट जमिनीला लावलं आणि गडी सरपटत सीटखाली गेला. तानाबाईंनी लुगड्याचा घोळ पसरला, पुढ्यात बाजाराची पिशवी ओढली आणि आभाळाकडं बघत बसल्या.

बाबासो गाडीत चढले. "आमचा पोरगा हाय का ह्यात? मिलिट्रीतला?"

"न्हाय बाबा," तानाबाई म्हणाल्या. "आणि असला तरी ह्या कडकडाटाला भिऊन पळाला आसंल."

बाबासोंची नजर फळीवरच्या हिरव्या किटबॅगेवर गेली. "आणि ही?"

"पार्सल हाय," कंडक्टर म्हणाला आणि घाईघाईनं खिडकीबाहेर बघू लागला. एका बाईनं तोंडात पदर कोंबला. बाबासो थोडा वेळ खाली बघत उभे राहिले, मग फेटा सावरत उतरले. घंटी वाजली, गाडी सुटली आणि आत असा हशा पिकला की सीटखाली प्रसेनजीतला ठसका लागला.

हुपरीत दीप्ती ओसरीवर लेकीला तेल चोळत होती. नवऱ्याला बघून तिच्या हातातली वाटी कलंडली. "अहो, आणि मिरवणूक?"

"चुकवली."

ती रडता रडता हसली. त्यानं तेलानं निसटती लेक दोन्ही हातांनी घट्ट धरली. एवढी ओझी वाहिलेला गडी, पण हिला धरून तो एक पाऊलही टाकेना. लेकीनं त्याची मिशी मुठीत पकडली. तो "आई गं" म्हणाला, पण सोडव म्हणाला नाही.

तासाभरात गल्लीत हलगी कडाडली. ट्रकभर माणसं घेऊन बाबासो आले होते, सोबत प्रसेनजीतची आई मीनाबाई.

"आबा, तुम्हाला कसं कळलं?" प्रसेनजीतनं वडिलांना विचारलं.

"सीटखालनं बूट भाईर आलता की तुझा! लढाईत न्हाई लपलास आणि बापाला बघून लपतोस?" बाबासो गरजले. मग नातीकडं बघून आवाज उतरला. "म्हटलं, जाऊ दे. आधी हिचाच मान."

मिरवणूक हुपरीतूनच निघाली. ट्रकवर गादी अंथरली होती. दीप्ती लेकीला घेऊन बसली, शेजारी प्रसेनजीत. कानाशी हलगी वाजत होती, पोरं नाचत होती, आणि गाव सुटायच्या आत हा गडी दीप्तीच्या खांद्यावर डोकं टेकून घोरायला लागला.

उचगावात बाया-माणसं हार घेऊन पुढं झाली. मीनाबाई ट्रकवर आडव्या आल्या. "झोपलेल्या माणसाच्या गळ्यात हार घालायचा न्हाय!"

"मग आणलेलं हार कुठं घालायचं?" कुणीतरी विचारलं.

त्यांनी नवऱ्याकडं बोट केलं. एकामागून एक हार बाबासोंच्या गळ्यात पडत गेले. शेवटी फुलांच्या वर नुसता गुलाबी फेटा दिसत होता आणि त्याखालून आवाज येत होता, "आरं, हळू वाजवा की! पोरगं झोपलंय!"