पुंजारामनं पाहिलेलं पुणं

उन्हाळ्यात पुण्यात काय करावं आणि हिवाळ्यात काय करावं, हे पिंपळगाव रेणुकाईत कोणाला विचारायचं असेल तर पुंजारामला विचारावं. देवीच्या देवळापुढं पारावर टेकला की त्याचं सुरू. उन्हाळ्यात सकाळी ऊन चढायच्या आत पर्वती, दुपारी थंडगार टॉकीजात पिक्चर, संध्याकाळी बागेत भेळ आणि वर आइस्क्रीम. हिवाळ्यात सर्कस, प्रदर्शन आणि मौत का कुआँ. "लाकडाच्या हिरीत उभ्या भिताडावर फटफटी पळवून राह्यला माणूस!" असं सांगताना त्याचे स्वतःचेच डोळे गरगरायचे. पारावर रोज बसणारा बद्रीनाथ त्याची टिंगल करायचा, पण उठून जायचा नाही.

हे सगळं दाखवलं जावयानं. संपत मूळचा आष्टीचा, पुण्यात कारखान्यात कामाला, अंगानं आडदांड. सासरा रात्रीच्या एसटीनं सकाळी पोहोचला की हा रजा टाकून तयारच. दिवसभर फिरवायचा, बाहेरच जेवू घालायचा आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत बसवून द्यायचा. असा जावई मिळायला भाग्य लागतं, असं सगळा पार म्हणायचा आणि पुंजाराम मिशीतल्या मिशीत हसायचा.

आता हा माणूस लेकीकडे जायचा की पुणं बघायला, असं कोणी विचारलं नाही. विचारणार कसं? पुंजारामच्या घराण्यात रीत होती, लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. नंदाच्या लग्नाला तीन वर्षं होत आली तरी पाळणा हलला नव्हता. म्हणून हा बाहेरच्या खोलीत खाटेवर टेकायचा. नंदा पदर ओढून स्वयंपाकघराच्या दारात यायची. "आबा, आई बरी हाय का?" "बरी हाय. तू खुशाल ना?" "हाव." तेवढ्यात संपत चपला घालून उभा असायचा. "चला मामा, जल्दी करा, ऊन वाढंल." झाली भेट! रीत पाळायची ती अशी डोळे मिटून.

पाराला सगळ्यात आवडायची ती रिक्षावाल्याची गोष्ट. उन्हाळ्यात बागेपुढं एका रिक्षावाल्यानं उलट उत्तर दिलं. संपतनं त्याला कॉलर धरून बाहेर ओढला आणि असा ठोसा हाणला की दात ओठातून आरपार आला. माणूस रस्त्यावर बसून रक्त थुंकत होता आणि संपत सासऱ्याला विचारत होता, "मामा, आइस्क्रीम कोणतं खाता?" पुंजाराम आधी घाबरला, मग हसला. गावात येऊन हात उगारून दाखवलं त्यानं. "जावई न्हाई, वाघ हाय वाघ!" हे हसणं त्याला पुढं फार जड गेलं.

घरात मात्र एक माणूस या गोष्टींना भुलत नव्हतं, ती त्याची बायको द्वारकाबाई. गुडघ्यांनी अधू, एवढा प्रवास तिला झेपत नव्हता. संक्रांतीनंतर तो पुन्हा निघाला तेव्हा तिनं त्याला उंबऱ्यात अडवलं.

"माझी पोरगी वाळली का भरली, सांगा."

"बरी हाय की."

"तिच्या हातात बांगड्या कोणत्या होत्या?"

पुंजाराम पिशवीचे बंद आवळू लागला.

"वाघाच्या अंगावरचे पट्टे सांगता गावाला. लेकीच्या बांगड्या ठावं न्हाईत? औंदा पाहून या, न्हाईतर येऊच नका."

बाई रागात बोलली, पण बोलली ते खरं. एसटीत पुंजारामला झोप लागली नाही. लेकीचा चेहरा आठवायला जावा तर पदर तेवढा आठवत होता.

सकाळी नंदा दारात आली तेव्हा त्यानं मुद्दाम हातांकडे पाहिलं. हात पदरात गुंडाळलेले होते. "थंडी हाय आबा," ती म्हणाली. तो पुढं काही बोलणार, तोच संपत बाहेरून ओरडला, "मामा, चला, मोठी गर्दी राह्यते सर्कशीला."

सर्कशीच्या रांगेत एक जण मध्ये घुसला. संपतनं त्याला आईवरून शिवी दिली, त्यानंही दिली. पुढचं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. संपतचा हात कमरेला गेला, एका झटक्यात पट्टा सुटला, मुठीभोवती वळसा बसला आणि बक्कल त्या माणसाच्या कानशिलावर फाडकन आदळलं. माणूस कोलमडला. संपत त्याच्या पाठीवर हाणत सुटला. शर्ट फाटला, रक्त उडालं, बायका किंचाळल्या.

या वेळी पुंजाराम हसला नाही. त्यानं जन्मभर बैल हाकले होते. आसूड नवख्या हातात कसा दिसतो आणि सवयीच्या हातात कसा, हे त्याला कळत होतं. बघायची गरज नाही, चाचपायची गरज नाही, पट्टा आपोआप हातात आला होता. हा रोजचा हात होता. आणि रोज घरी कोण असतं? लोक संपतला आवरत होते तोवर त्यानं रिक्षा पकडली.

नंदानं दार उघडलं आणि ती दचकली. "आबा? अन् हे कुठं हायत?"

"पाणी दे."

"आबा, आपल्यात चालत न्हाई..."

"दे म्हन्तो ना!"

ती आत गेली आणि पुंजाराम मागोमाग गेला. तो उंबरा त्यानं तीन वर्षांत ओलांडला नव्हता. नंदा डाव्या हातानं माठातून तांब्या भरत होती. उजवा हात मनगटापाशी वाकडा होऊन सुजला होता. दंडावर पट्ट्याचे वळ होते, जुने काळे आणि त्यांच्यावर नवे लाल. मानेखाली बक्कलाचा चौकोन उमटला होता. हातात एकही बांगडी नव्हती.

"बांगड्या?"

"फुटल्या."

"सांगितलं काहून न्हाई, नंदे?"

"कवा सांगू आबा? तुम्ही बसतच न्हाईत."

पुंजारामनं तांब्या तोंडाला लावला. लेकीच्या घरचं पाणी तो प्यायला, आणि रडत रडत प्यायला.

दार धाडकन उघडलं. संपत आत आला, शर्टावर दुसऱ्याचं रक्त. त्यानं सासऱ्याला स्वयंपाकघरात पाहिलं, मग बायकोच्या उघड्या हाताकडे पाहिलं. "रांडं, बोललीस?" हात कमरेला गेला.

पट्टा सुटायच्या आधी पुंजारामनं पितळी तांब्या त्याच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज झाला. पुन्हा हाणला. पण म्हातारा तो म्हातारा, संपतनं त्याला गळ्याला धरून भिंतीवर आपटलं, खाली पाडलं आणि बरगड्यांत लाथा घातल्या. पुंजारामचा श्वास बंद झाला. जाईना का जीव, आता हा हात तिच्यावर पडायचा नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं संपतच्या पायाला मिठी मारली आणि पोटरीत दात रोवले.

संपतनं पट्टा उगारला. तेवढ्यात नंदानं डाव्या हातानं वरवंटा उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. गुडघा कडकन वाजला. संपत गुरासारखा हंबरत खाली पडला. तिनं वरवंटा पुन्हा वर नेला, आता डोक्याचा नेम धरून.

"नको!" पुंजाराम खालून ओरडला. "तुला माघारी न्यायचीय मला!"

वरवंटा हातातून सुटला आणि फरशीला तडा गेला.

बाहेर चाळीतले सगळे दारादारात उभे होते. रोज ऐकत होते, आज बघायला आले. एक जणही पुढं झाला नाही. बापलेक एकमेकांना धरून त्यांच्यातून चालत गेले.

परतीच्या एसटीनं दोघं निघाले. जालन्यात नंदाच्या हाताला प्लास्टर घातलं, पुंजारामच्या बरगड्या बांधल्या. घरी द्वारकाबाईनं लेकीचा मोकळा हात मांडीवर घेतला.

पुंजाराम पारावर आला तेव्हा त्याचा एक डोळा अजून सुजून मिटलेला होता. एसटीत पडला असेल, असं लोकांना वाटलं. बद्रीनाथनं नेहमीसारखी जागा करून दिली.

"मंग पुंजाराम, औंदा काय पाह्यलं पुण्यात?"

पुंजाराम खाली बसला. दुखरी बरगडी हातानं धरली.

"लेक पाह्यली," तो म्हणाला. "तीन वर्सं जाऊन राह्यलो, औंदा पाह्यली."