जुन्या बातम्यांचं पुढे काय झालं

"ओढू नका, कागद फाटेल," असं म्हणत तिनं ग्रंथपालबाईंचा हात अडवला.

"मग या चिठ्ठ्या काढायच्या कशा, ताई?" बाई वयानं तिच्याहून लहान, पण वाचनालयाच्या सगळ्या चिंता त्यांच्या कपाळावर. "चार वाजता गाडी येईल. संग्रहालयवाल्यांनी बजावलंय, मूळ पानांखेरीज आत काही दिसलं तर खंड घेणार नाही. आणि इथे ठेवायला मला जागा नाही. सरळ रद्दीत जाईल हो."

टेबलावर महायुद्धाच्या काळातल्या वर्तमानपत्रांचा जाडजूड खंड उघडा होता. तो तिच्या वडिलांनी बांधलेला. त्यांनी या वाचनालयात सदतीस वर्षं बाइंडरचं काम केलं. त्यांना जाऊन आज तेवीस दिवस झाले होते. खंडात ठिकठिकाणी, ठळक मथळ्यांसमोर, त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. चिकटवलेल्या असत्या तर ओलं फडकं लावून निघाल्या असत्या. पण आतल्या पानांना खळ लावली की कसर लागते, हे वडिलांचं ठाम मत. म्हणून त्यांनी प्रत्येक चिठ्ठी पानांच्या घडीत घालून, पानांबरोबरच शिवून टाकली होती. चिठ्ठी काढायची तर त्यांचा दोरा कापावा लागणार होता.

"लिहिलंय तरी काय एवढं?" बाईंनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचू लागल्या. "मथळा, 'जुनी भांडी द्या, विमाने बनवू.' चिठ्ठी, 'पुढे काय झालं? समोरच्या वहिनींनी पातेलं दिलं. महिन्यानं गच्चीवरून ओरडल्या, अहो, ते बघा माझं पातेलं चाललं! पोच्यावरून ओळखलं.'"

बाईंच्या तोंडाची घडी जराशी मोडली. त्यांनी पान उलटलं.

"'बागांची लोखंडी कुंपणे काढून नेणार.' पुढे काय झालं? 'अकरा वर्षं अबोला धरलेले दोन शेजारी समोरासमोर आले. लपायला काहीच नव्हतं. शेवटी एकानं विचारलं, जेवलात का?'... 'संदेशवाहक कबुतरांची भरती.' 'एका कबुतराला बढती मिळाली. आता ते साध्या कबुतरांच्या ओळीत बसत नाही. पत्र लिहून रजा मागतं, आणि ते पत्र स्वतःच घेऊन जातं.'"

आता मात्र बाई खळखळून हसल्या. मग तिच्याकडे पाहून ओशाळल्या. "माफ करा हं. असं हसायला नको होतं."

"हसा की. हसण्यासाठीच आहेत त्या."

दाराशी उभे असलेले शिपाईकाका पुढे आले. निवृत्त झाले तरी रोज येऊन बसायचे. "हिच्यासाठी लिहायचा तो," ते बाईंना म्हणाले. "आई गेली तेव्हा ही सात वर्षांची. घरी ठेवायला कोणी नाही, म्हणून जिन्याखालच्या बाइंडिंगच्या खोलीत स्टुलावर बसवायचा."

"ते आठवतं मला," ती म्हणाली. "नुसती बडबड करायचे मी."

"बडबड? अगं, चार महिने तुझ्या तोंडून शब्द नव्हता! डॉक्टर झाले, शाळेतल्या बाई झाल्या. हा रोज शिवता शिवता एक मथळा वाचायचा आणि विचारायचा, पुढे काय झालं असेल गं? तू गप्प. मग स्वतःच सांगायचा, स्वतःच लिहायचा. तुला नाही आठवत?"

तिला खरंच आठवत नव्हतं. तिला आठवत होता तो फक्त खळीचा वास आणि हसून हसून दुखलेलं पोट.

काकांनी थुंकी न लावता, अदबीनं पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. मथळा होता, 'अफवा पसरवू नका.' चिठ्ठीवर वडिलांचं अक्षर, 'पुढे काय झालं? आपल्या गल्लीतल्या मावशी तीन दिवस गप्प बसल्या. डॉक्टरांनी जीभ तपासली, ठणठणीत निघाली.' त्याखाली वेगळ्या शाईत, त्यांच्याच अक्षरात आणखी एक ओळ, 'चौथ्या दिवशी त्यांचं पोट फुगलं.'

"ही तुझी," काका म्हणाले. "एकदम बोललीस. त्यानं हातातली सुई ठेवली, तो नळावर हात धुवायला गेला. किती वेळ नळ चालू! मी म्हटलं, अरे टाकी रिकामी करशील. परत आला आणि आधी ही ओळ लिहून घेतली."

बाईंनी उगाचच पंखा कमी केला.

रद्दीत काढू द्यावा खंड आणि चिठ्ठ्यांसकट आपणच घरी न्यावा, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण सदतीस वर्षं तो माणूस जिन्याखाली बसला होता, तो ही पानं लोकांना वाचता यावीत म्हणून. तिनं पिशवीतून त्यांची सुई आणि दोरा काढला. "कात्री द्या," ती म्हणाली.

एकेका घडीतला दोरा ती कापत गेली. वडिलांची गाठ घट्ट होती, दोन वेळा कात्री घसरली. एकवीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यांनीच शिकवलेल्या टाक्यानं तिनं पानं पुन्हा शिवली. हात चालत होता आणि मनात एकच होतं, बरं झालं बाबा, तुम्ही विचारत राहिलात.

पावणेचारला बाईंनी संग्रहालयाचा फॉर्म पुढ्यात घेतला. "बांधणी कोणाची? तुमचं नाव लिहू ना, आता तुम्हीच शिवलंय."

"नको. त्यांचंच लिहा."

तिनं नाव सांगितलं, आडनावासकट, सावकाश. बाईंनी ते नीट लिहिलं. पुढचा रकाना होता, 'हयात / दिवंगत.' बाईंचं पेन तिथे थोडं थांबलं. काही न विचारता त्यांनी तो कोरा सोडला आणि खालच्या ओळीत पानांची संख्या लिहायला घेतली.