साडेपाचचा आकडा

श्रीरंगला त्या बुटांची किळस होती. स्कीचे ते घमेल्याएवढे प्लास्टिकचे बूट. दर शनिवारी दहा घरांतली माणसं दिवसभर विस्कॉन्सिनच्या कुठल्याशा टेकाडावर घसरून यायची, संध्याकाळी शिकागोजवळच्या नेपरव्हिलला रवींद्रच्या घरी जमायची, आणि दारात त्या बुटांचा ढीग लागायचा. मग ओल्या मोज्यांनी फतक फतक करत सगळे खाली बेसमेंटमध्ये उतरायचे. मोजे काढून गरम हवेच्या जाळीवर वाळत टाकायचे. ती हवा घाम आणि ओली लोकर सोबत घेऊन घरभर फिरायची. देवापुढे दोन दोन उदबत्त्या लावल्या तरी तो वास हटायचा नाही. श्रीरंगला त्या दिवशी जेवण जायचं नाही.

आणि ही माणसं बोलायची काय, तर बर्फावर. हीच माणसं, जी सोमवारी सकाळी स्वतःच्या दारातला बर्फ उपसताना त्याला शिव्या देत असत. इथला बर्फ ओला, इथला बर्फ घाण. खरा बर्फ जपानात, कोरडा, भुसभुशीत. त्याला ती 'पावडर' म्हणायची. मार्चच्या मध्यावर दहा घरांनी मिळून जपानच्या उत्तरेकडच्या एका डोंगरी गावात जायचं, असं ठरलं होतं. ठरवणारा रवींद्र, श्रीरंगचा मुलगा. ऑक्टोबरपासून त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

"थंडीच्या शेवटी बर्फ टिकेल का, एवढाच प्रश्न आहे," असं तो सगळ्यांना सांगायचा. "म्हणून रोजचं ट्रॅकिंग. बाबा आहेत ना माझे! तीस वर्षं पाऊस मोजलाय त्यांनी."

हे मात्र खरं होतं. श्रीरंग पाटबंधारे खात्यात चौकीदार म्हणून लागला तेव्हा अंगठा उठवायचा. घाटमाथ्यावरच्या केंद्रात पाऊस मोजायचं यंत्र होतं. मोजणारा माणूस बदलून गेला, दुसरा कुणी वर राहायला तयार होईना, तेव्हा साहेबांनी याला विचारलं. बत्तिसाव्या वर्षी तो आकडे शिकला, ते मोजपात्रावरच्या रेघांवरून. अक्षरं त्याच्या नंतर आली. पहिलं अक्षर शिकला ते स्वतःच्या नावाचं, कारण आकड्यापुढे सही लागायची. रोज सकाळी साडेआठला वर जायचं, बाटलीतलं पाणी पात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीवर आणायचा, आकडा लिहायचा, सही करायची. धुवांधार पावसात, विंचू-सापांत, तीस वर्षं.

म्हणून रवींद्रने जानेवारीच्या एक तारखेला जाड पुठ्ठ्याची वही हातात ठेवली, तेव्हा श्रीरंगला बरं वाटलं होतं. बायको गेल्यापासून तो इथे मुलाकडे होता, आणि या घरात त्याच्या हाताला पहिल्यांदाच काम मिळालं होतं. त्याने पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, वाचन, सही. ज्या लॉजवर उतरायचं होतं तिथे साचलेल्या बर्फाची खोली सेंटिमीटरमध्ये रोज सकाळी साडेआठला मोजायचे; तिकडे जपानात साडेआठ वाजतात तेव्हा इथे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेपाच. बरोब्बर साडेपाचला रवींद्र शिकागोहून ऑफिसातून फोन करायचा. "बाबा, लिहा. लॉजवाल्याची मेल आली." श्रीरंग लिहायचा. शनिवारी खाली बेसमेंटमध्ये वही घेऊन जायचा आणि आठवड्याचे आकडे वाचून दाखवायचा. लोक टाळ्या वाजवायचे.

सगळ्यात जास्त विश्वास गुरुनाथचा. हा नागपूरचा, तीन घरं सोडून राहायचा. मोठ्या गळ्याचा, मोठ्या हसण्याचा माणूस.

"काका, रवीवर माझा भरोसा नाही," तो म्हणायचा. "तो सेल्समन आहे. तुमच्या वहीवर आहे. वही म्हणते जा, तर जातो बाप्पा!"

हसून म्हणायचा, पण एकदा वरच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला तेव्हा हसला नव्हता. त्याला मार्चमध्ये दहाच दिवसांची रजा होती. तीन वर्षांत तो नागपूरला गेला नव्हता. आई एकटी, आताशा फोनवर त्याचं नाव विसरून भावाच्या नावाने हाक मारायची. "बायको-पोरांना जपान पाहिजे. बर्फ चांगला असला तर मला तोंड नाही काका. नसला, तर मी सरळ कॅन्सल करून आईकडे जातो. चोवीस तारखेला नावं पक्की कळवायची आहेत. तोवर बघतो."

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नेपरव्हिलला जोराचा बर्फ पडला. श्रीरंगने सहज गंमत म्हणून इशिताची, म्हणजे नातीची, शाळेची लाकडी पट्टी मागच्या अंगणातल्या फरशीवरच्या बर्फात उभी रोवली. पहिल्या सकाळी नऊ इंच. दुसऱ्या सकाळी सात. ऊन नव्हतं, वितळलेला दिसत नव्हता, तरी सात. तिसऱ्या दिवशी सव्वासहा. नवा बर्फ आपल्याच वजनाने खाली बसतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पट्टीने सांगितलं.

तो आत आला. चहा घेतला. आणि अर्धा कप तसाच ठेवून वही उघडून बसला.

जानेवारीच्या एकवीस तारखेपर्यंतचे आकडे वर-खाली होते. ५८, ६१, ५७, ५५, ५२. खऱ्या वस्तूचे आकडे असेच असतात, वेडेवाकडे. बावीस तारखेला मात्र एकदम ८०. रात्रीत मोठा बर्फ पडला, असं रवींद्र फोनवर म्हणाला होता. मग ८०, ८५, १००, १००, ११०. पुढे चढतच गेले. एकदाही खाली नाही. महिनाभरात तो बर्फ कधी बसलाच नाही! आणि प्रत्येक आकडा शून्यावर नाहीतर पाचावर संपलेला. दर शुक्रवारी नवा बर्फ, म्हणजे शनिवारच्या बैठकीला ताजा. कालचा आकडा २१०.

श्रीरंगच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. घरबसल्या भरलेले आकडे तो झोपेतही ओळखला असता. असे आकडे भरणारे मोजणीदार त्याने पाहिले होते. पाऊस कधी पाचापाचाने पडत नाही. पाचापाचाने माणूस खोटं बोलतो.

तरी त्याने मनाला समजावलं, लॉजवाला लबाड असेल. परमुलखातला माणूस, त्याला गिऱ्हाईक पाहिजे. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, इशिता शाळेतून आल्यावर त्याने तिला कॉम्प्युटरवर त्या गावचा कॅमेरा लावायला सांगितला. कॅमेरा बंद पडलाय, असं रवींद्र महिनाभर सगळ्यांना सांगत होता.

"इट्स वर्किंग, आजोबा," इशिता म्हणाली.

चित्रात लाल-काळ्या पट्ट्यांचा, बर्फ मोजायचा एक खांब होता. खांबाच्या बुडाशी मळक्या बर्फाचा टवका, बाकी चिखल. वर डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याच्या खुर्च्या रिकाम्या लोंबत होत्या, आणि त्यांच्याखाली वाळलेलं पिवळं गवत.

"यू नो, इट्स ऑल मड," इशिता म्हणाली. "डॅडला माहितीये. ही चेक्स इट एव्हरी मॉर्निंग."

शुक्रवारी रवींद्रचा साडेपाचचा फोन आला. "बाबा, लिहा. दोनशे पंधरा." श्रीरंगने फोन ठेवला आणि काहीच लिहिलं नाही. गाडी गॅरेजात शिरल्याचा आवाज आला तेव्हा तो तिथेच, बुटांच्या फडताळाशेजारी, स्टुलावर बसला होता.

"रवी, लॉजवाल्याची मेल दाखव."

"कुठली मेल?"

"दोनशे पंधराची."

रवींद्र हसला. मग बापाकडे पाहून थांबला. कोटाची चेन उघडत म्हणाला, "इशीने कॅमेरा लावला का?"

एवढं विचारलं त्याने. लाजला नाही, बावरला नाही, कुणी सांगितलं तेवढं विचारलं. त्याचीच श्रीरंगला जास्त शिसारी आली.

"बाबा, पडेल हो. मार्चमध्ये तिकडे पडतोच, हिस्टरी आहे."

"पडेल तेव्हा लिहू."

"तुम्हाला कळत नाही. दहा घरं नसली तर लॉज ग्रुपच घेत नाही. जानेवारीत आकडे घसरले आणि दोन घरं लगेच मागे सरकायला लागली. ऑक्टोबरपासून मी सगळ्यांना सांगत सुटलोय. कॅन्सल झालं तर माझं काय राहील?"

"गुरुनाथचं काय राहील? त्याची आई?"

"तिकडे तो समरमध्ये जाईल ना! प्रत्येकाच्या आईचं मी बघत बसू?"

"अरे, सही माझी आहे त्याच्यापुढे. बत्तीस सह्या."

"कसली सही, बाबा! टाइमपास म्हणून वही आणून दिली तुम्हाला. ती काय सरकारी आहे?" रवींद्रने बूट भिरकावला. तो फडताळावर आपटून श्रीरंगच्या पायाशी आला. "आणि तुम्ही मला शिकवू नका. मला ताप भरला होता लहानपणी, तेव्हा तुम्ही दोन दिवस वर गेलाच नव्हता. त्रेसष्ट आणि एकेचाळीस. घरी बसून लिहिलेत. तुम्हीच सांगितलंत मला. लिहिलेत की नाही?"

"लिहिले."

"मग झालं तर!" म्हणत रवींद्र घरात गेला.

श्रीरंग तिथेच बसून राहिला. पोराचं खोटं नव्हतं. पोर तापाने फणफणलेलं, बाहेर आभाळ फाटलेलं, आणि याने चुलीपुढे बसून दोन आकडे भरले होते. मुद्दाम शून्य टाळलं, पाच टाळला, खरे वाटावेत म्हणून. कुणाला कधी कळलं नाही. पण त्या दोन आकड्यांची घाण चव अजून त्याच्या जिभेवर होती. पोराला त्याने ती गोष्ट सांगितली होती ती का, तर शहाणा होईल म्हणून. पोराने ती जपून ठेवली, आणि वेळ आल्यावर बापाच्याच तोंडावर फेकली. हाही एक हिशेबीपणा. श्रीरंगला मुलाचा वीट आला, आणि तो आपल्याच घरात वाढला म्हणून स्वतःचाही. त्या त्रेसष्ट-एकेचाळिसाची सरकारी वही आता कुठल्या गोदामात कुजत असेल, तिच्यावर रेघ मारायला तो कुठून जाणार होता? ही वही मात्र त्याच्या खोलीत उशाशी होती.

शनिवारी पुन्हा बूट आले, मोजे जाळीवर चढले. राधिका, त्याची सून, मोठ्या पातेल्यात पावभाजी ढवळत होती. खालून हाक आली, "काका, वही! आज फायनल आहे!"

पायऱ्यांवर रवींद्रने त्याला गाठलं. आवाज खाली, चेहरा हसरा. "बाबा, दोनशे वीस म्हणा. एवढंच. माझ्यासाठी."

श्रीरंग त्याच्या बाजूने खाली उतरला. त्याने आकडा वाचला नाही. वही सरळ गुरुनाथच्या हातात दिली.

"तूच वाच. माझा चष्मा वर राहिला."

चष्मा त्याच्या खिशात होता. हेही खोटंच, पण ते त्याने पचवलं.

गुरुनाथने ऐटीत घसा साफ केला. "ऐका हो मंडळी! फेब्रुवारी तेवीस, वाचन..." तो थांबला. पान मागे उलटलं. आणखी एक. प्रत्येक ओळीत आकड्यावर पट्टीने मारलेली एक आडवी रेघ होती. खाडाखोड नाही, आकडा खालून स्वच्छ वाचता येत होता, खात्याचा नियमच तसा. रेघेच्या वर, ठसठशीत, लिहायला उशिरा शिकलेल्या माणसाच्या अक्षरात: मोजणी झाली नाही. पुढे नवी सही. तेवीसच्या रकान्यात तर आकडाच नव्हता, फक्त तेच तीन शब्द.

"मोजणी झाली नाही," गुरुनाथने वाचलं. "मोजणी झाली नाही. मोजणी झाली नाही... काका, हे काय आहे?"

कुणीतरी हसलं. गंमत वाटली असेल.

"एकवीस जानेवारीपर्यंत बघ," श्रीरंग म्हणाला. "बावन्न. तिथपर्यंत माझी सही खरी. त्याच्या पुढचं कुणी मोजलेलं नाही. आणि कॅमेरा बंद नाही. चिखल दिसतो."

जाळीवरच्या मोज्यांतून गरम हवेचा भपकारा तेवढा येत राहिला.

"बाबांना हल्ली कन्फ्यूजन होतं," रवींद्र म्हणाला. "वय झालं ना. मी मेल दाखवतो तुम्हाला, थांबा..."

"दाखव," गुरुनाथ म्हणाला.

रवींद्र हलला नाही.

गुरुनाथने त्याच्याकडे पाहिलं. तोंडात वाईट घास आला आणि चारचौघांत थुंकता येत नाही, तसं त्याचं तोंड झालं होतं. मग त्याने वही मिटली, दोन्ही हातांनी श्रीरंगला परत दिली, आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सात वाजत आले होते.

"नागपुरात साडेसहा झाले असतील," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "आई उठली असेल. येतोय म्हणून कळवतो तिला." आणि जाळीवरचे आपले ओले मोजे तसेच पायात चढवून वर गेला. त्याच्या मागून दुसरं घर उठलं, मग तिसरं. दारात बुटांचा खडखडाट झाला आणि थांबला.

रवींद्र सोफ्यावर बसून होता. जाणाऱ्या बापाकडे त्याने पाहिलं ते उद्यापासून बोलणार नाही अशा नजरेने. श्रीरंगने ते ओळखलं. तो वर आला, जेवणघरातली मोठी खिडकी दोन्ही हातांनी वर ढकलली. गार वारा पातेल्याच्या वाफेवर धडकला.

"बाबा, हीटर चालू आहे!" राधिका म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला. "वास जाऊ दे."